पाळीवरची उठबस

पहिल्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर बसलो आणि मला उठताच येईना.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातलं एक गाव, गावाबाहेरचा जुना मालगुजारी तलाव, सकाळचे साडेआठ. मासे धरायच्या गळाचा तरंगा पाण्यात बुडत होता, मागून गावातले जुने मासेमार, ढीवर समाजाचे बाबाजी सांगत होते, "उठा भाऊ, काठी उचला," आणि माझे दोन्ही हात जमिनीला टेकलेले. एकदा जोर केला, पुन्हा मागे बसलो. दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा काठी मांडीवरून सुटली आणि उतारावरून घरंगळत पाण्यात गेली. बाबाजींनी काठीकडे पाहिलंही नाही. आधी माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं, मग गुडघाभर पाण्यात उतरून काठी आणली. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, शहात्तरचे. अंगावर माझ्या निम्मं वजन नसेल.

मी तेव्हा ७० वर्षांचा होतो. पोस्टात ३६ वर्षं काउंटरवर बसून काढली होती. मधुमेह १२ वर्षांचा. उजवा खांदा असा आखडलेला की सदऱ्याच्या बाहीत हात घालायचा तर डाव्या हाताने उजवा उचलून द्यावा लागे. त्याच वर्षी गणपतीत न्हाणीघरात पाय घसरला. हाड वाचलं, पण वीसेक मिनिटं मी त्या ओल्या फरशीवर तसाच बसून होतो. उठता येत नव्हतं आणि हाक मारायची लाज वाटत होती. शेवटी सूनबाईने दार वाजवलं.

डॉक्टरांनी एक साधी खुर्ची पुढे ओढली, हात छातीवर घडी करून ठेवायला सांगितले आणि घड्याळ लावलं. ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उभं राहता येतं, ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला निदान १२ वेळा जमलं पाहिजे. माझे ७ झाले. "तुमचं हृदय बरं आहे, मांड्या गेल्या आहेत," ते म्हणाले. म्हातारपणी स्नायू वापरले नाहीत तर ते झपाट्याने झडतात. माणूस पडतो तो बहुतेक वेळा पायात जोर नसल्यामुळे आणि तोल न सावरल्यामुळे. नुसतं चालणं पुरत नाही, आठवड्यातून निदान तीन दिवस तोलाचा आणि दोन दिवस जोराचा व्यायाम हवा, असंही त्यांनी समजावलं.

मी बागेत फिरायला लागलो. अकराव्या दिवशी ते बंद पडलं. त्याच वाटेने गोल फिरून त्याच बाकापाशी यायचं, यात माझा जीव रमेना. आणि तेव्हा मला वडील आठवले.

वडील शिकारी होते. परवान्याची बारा बोअरची बंदूक होती, आणि उमरेडकडच्या जंगलात, तलावांवर त्यांचं जाणंयेणं असे. तितर, बदक, कधी रानडुक्कर. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते सगळं थांबलं. थांबलं ते बरंच झालं, असं मी मनापासून मानतो. बंदूक पुढे कित्येक वर्षं घरात नुसती राहिली. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. पण वडिलांनी जंगल सोडलं नाही. हातात काठी घेऊन पहाटे निघायचे, वारा कुठून येतो ते बघायचे, पावलांचा आवाज न करता चालायचे, माग दिसला की उकिडवे बसून बोटाने मातीचा ओलसरपणा तपासायचे. पंचाहत्तरीतही ते उकिडवे बसायचे आणि एका झटक्यात उठायचे. "शिकारीत बंदूक दोन मिनिटांची, बाकी सगळं चालणं," असं ते म्हणत. बंदूक गेली तरी ते चालणं त्यांच्याकडे राहिलं होतं. मला शिकार करायची नव्हती, करता येणारही नव्हती. पण मला व्यायामाला एक कारण हवं होतं, आणि पाण्याकाठी ते मिळेल असं वाटलं.

नागपुरात तलावांना तोटा नाही. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर. आमच्या नंदनवनहून सक्करदरा तलाव तर अगदी जवळ. पण शहरातल्या तलावांत सांडपाणी उतरतं, जलपर्णी माजते, उन्हाळ्यात मेलेले मासे काठाला लागतात. नाग नदी शहराची सगळी घाण घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान ती वैनगंगेत नेते. मला धरलेला मासा घरी खायला न्यायचा होता. उत्तरेला पेंचच्या व्याघ्रप्रकल्पात मासेमारीला बंदी. म्हणून पोस्टातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या गावचा हा तलाव ठरला.

पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. मालगुजारांच्या, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळात धानाला पाणी मिळावं म्हणून बांधलेले. मालगुजारी १९५१ साली गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. म्हणून सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी. एका अंगाला मातीची उंच पाळ, पाळीवर जुनी झाडं, एका टोकाला जास्तीचं पाणी निघून जायला सलंग. या तलावातली मासेमारी गावातल्या ढीवरांच्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने आहे. बीज ते सोडतात, राखण तेच करतात. कुणाच्या मालकीचं नसलेलं पाणी समजून गळ टाकायला बसू नये, हे मी आवर्जून सांगतो. मी संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो, ठरलेले पैसे भरले, पावती घेतली. अट अशी, एका दिवसाला दोनच मासे न्यायचे, अर्ध्या किलोच्या आतला परत सोडायचा, पावसाळ्यात यायचं नाही. बाबाजींची आणि माझी ओळख त्यांनीच करून दिली.

पहिली चूक मी सामानात केली. इतवारी बाजारात एका दुकानदाराने मला रीळ, चमकदार फायबरची काठी, प्लॅस्टिकचे खोटे मासे आणि घडीची खुर्ची, असा साडेचार हजारांचा संच गळ्यात बांधला. बाबाजींनी त्यातलं फक्त तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, आणि गळ ठेवून घेतले. काठी बांबूची, आठ हात लांब. तरंगा ज्वारीच्या धांड्याच्या भेंडाचा, चार बोटं लांबीचा, दोन्ही टोकांना तंगूस आवळलेला. शिसाची एक गोळी दातांनी दाबून बसवलेली. खुर्चीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे कायले आणलं? याच्यावर बसलं का मानूस झोपते." पण त्या दिवशी मी पाळीवरून उठू शकलो नाही, तेव्हा त्यांनीच विचारलं, "उद्या खुर्ची आनता काय?" मी नाही म्हणालो. माझ्या हातून झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते हेच.

माझं म्हणणं एवढंच आहे. मासेमारी हा व्यायाम नाही. गाडी थेट पाळीपर्यंत आणून, खुर्ची टाकून, थर्मास उघडून दिवसभर बसणारे मी पाहिले आहेत. त्यांना ऊन आणि हवा मिळते, पायांना काही मिळत नाही. पण जमिनीवर बसून मासे धरायचे ठरवलं, तर तलाव तुम्हाला बसू देत नाही. तरंगा हलला, उठा. गळ गवतात अडकला, उतारावरून खाली जा. मासा चारा खाऊन गेला, वाका, कणीक मळा, पुन्हा बसा. सावली सरकली, जागा बदला. एकदा मी उजव्या खिशात खडे भरून नेले आणि प्रत्येक उठण्याला एक खडा डाव्या खिशात टाकला. सकाळी सात ते अकरा या वेळात ३१ खडे झाले. घरी भिंतीपाशी उभं राहून कोणी मला ३१ बैठका काढायला सांगितल्या असत्या, तर मी पाचव्याला थांबलो असतो.

उठायचं कसं हेही शिकावं लागलं. बाबाजींनी ते लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. "गुडघ्यावर जोर नोका देऊ भाऊ. आधी एका कुशीवर वळा, मंग एक पाय पुढं, हात मांडीवर, आन मंग उठा." पहिले दोन महिने मी पाळीवरच्या कडुनिंबाच्या मुळाला धरून उठत असे. त्या मुळाचा एक भाग माझ्या हाताने गुळगुळीत झाला आहे. संक्रांतीच्या सुमारास मूळ सुटलं. उकिडवं बसणं होळीपर्यंत जमलं नाही, आणि जमलं तेही टाचा उचलून. टाचा टेकवून बसायला दुसरं वर्ष उजाडलं.

नंदनवनहून निघायचं म्हणजे पहाटे साडेपाचला दिघोरी नाक्यावर उभं राहायचं. एसटीत पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचा बाऊ नाही. फाट्यावर उतरून तलाव अडीच किलोमीटर. सुरुवातीला मुलगा म्हणायचा, "बाबा, मी गाडीने सोडतो." आठवड्यातून तीन दिवस, जाऊन येऊन पाच किलोमीटर, पाठीवर पिशवी. मी त्याला सोडू दिलं नाही.

डिसेंबरातच एक प्रसंग असा झाला की सगळं तिथेच थांबलं असतं. त्या दिवशी थंडी कडाक्याची. बस चुकेल म्हणून मी गोळी घेतली आणि काही न खाता निघालो. पाळीवर बसल्यावर काठी थरथरायला लागली. मला वाटलं मासा ओढतो आहे. झटका दिला, काही नाही. पुन्हा थरथर. बाबाजी माझ्याकडे बघत होते, काठीकडे नाही. "भाऊ, मासा नाई. तुमचा हात थरथरून रायला." तोवर कपाळावर घाम आला होता, पाण्यावरचा तरंगा दोन दिसत होता. त्यांनी धोतराच्या सोग्यातून गुळाचा खडा काढला, माझ्या तोंडात घातला, वर त्यांच्या डब्यातली भाकर खायला लावली. पंधरा मिनिटांनी जग जागेवर आलं. साखर उतरली होती. आता पिशवीत साखर मोजायचं यंत्र आणि खिशात ग्लुकोज असतं, पोळी-भाजी खाल्ल्याशिवाय मी घर सोडत नाही, आणि ज्या दिवशी जायचं त्या दिवशी गोळीचं प्रमाण काय ठेवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेतलं आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करावं, आणि एकट्याने पाण्यावर जाऊ नये.

काट्याचं प्रकरणही त्याच जातीचं. संध्याकाळी घरी मोजा काढला तर तो रक्ताने भिजलेला. बाभळीचा काटा चपलेतून आरपार तळव्यात गेला होता आणि मी त्यावर अडीच किलोमीटर चाललो होतो. दुखलं नाही, कारण मधुमेहाने तळव्याची जाणीव बोथट झाली होती. धनुर्वाताचं इंजेक्शन, तीन आठवडे मलमपट्टी. सौ.ने तेव्हापासून एक नियम घातला. परतल्यावर दारातच बसायचं, ती आरसा धरते आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत दोन्ही तळवे बघते. बूट आता जाड तळाचे, घोट्यापर्यंतचे.

खांद्याची गोष्ट सावकाश झाली. काठी डोक्यावरून मागे नेऊन पुढे टाकायची, तर उजवा हात कानापर्यंतही जात नव्हता. डावीकडून टाकायला शिकलो. फिजिओथेरपिस्टने भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला होता. तो मी सोडला नाही, कारण आखडलेला खांदा नुसत्या मासेमारीने सुटत नाही. पण भिंतीवर बोट किती चढलं यात मला रस नव्हता, काठी किती लांब पडते यात होता. मार्चमध्ये एक दिवस नकळत उजव्या हाताने काठी फिरवली आणि तरंगा बेशरमीच्या झुडपापलीकडे मोकळ्या पाण्यात पडला. मी बाबाजींकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि आपली कणीक मळत राहिले.

मासा कुठे असतो हे मला आधी ठाऊकच नव्हतं. तिन्ही मोठे मासे एकाच पाण्यात, पण तीन मजल्यांवर राहतात. कटला वरच्या थरात, त्याचं तोंडच वर वळलेलं. रोहू मधे. मृगळ तळाला, तोंड खाली, चिखल चाळत. कुणासाठी बसायचं ते ठरवून तरंगा तंगुसावर वरखाली सरकवायचा. बाबाजी आदल्या संध्याकाळी सरकीची ढेप भिजवून तिचे गोळे ठरलेल्या जागी टाकतात. सकाळी तिथे तळातून बुडबुडे येताना दिसले की मृगळ आला समजायचं. कणीक हळद घालून, थोडं भाजलेलं बेसन मिसळून, कानाच्या पाळीइतकी मऊ. रोहू ती लगेच गिळत नाही. तरंगा दोनदा नुसता थरारतो, थांबतो, मग आडवा होऊन तिरका चालायला लागतो. माझा हात पहिल्या थरारालाच वर जायचा. "चाखून रायला तो अजून. खाऊ द्या त्याले," हे वाक्य मी त्या हिवाळ्यात शंभरदा ऐकलं असेल. पहिला रोहू जानेवारीत मिळाला, सव्वा किलोचा. तो ओढताना मी उभा होतो, पाय उतारावर, एक पुढे एक मागे, आणि माशाने जोर केला की सगळं अंग कमरेतून सावरत होतं. दहा मिनिटांनी तो काठाला आला तेव्हा माझ्या पोटऱ्या पेटल्या होत्या. न्हाणीघरातल्या फरशीवर बसलेला मी आणि हा मी, यांच्यात चार महिन्यांचंच अंतर होतं.

मरळ मात्र बाबाजी एका विशिष्ट काळात धरू देत नाहीत. पावसाच्या तोंडाला काठच्या गवतात तांबूस पिलांचा एक गोळा पाण्यावर खालीवर होताना दिसतो. त्याच्या खाली आईबाप राखण करत असतात, आणि त्या वेळी ते गळाला रागाने तोंड देतात. धरणं सोपं असतं. "आईबाप उचलले का पिल्लं गेले," एवढंच ते म्हणतात.

घरी मासा आला की सौ. जवस भाजून वाटते. पातळ रस्सा, जवसाचा वाटणाला येणारा दाटपणा, आणि वर लिंबू. आधी मी रात्री दूध-पोळीवर भागवत असे. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिनं हवीत असं डॉक्टर सांगायचे; १०० ग्रॅम रोहूत ती १६-१७ ग्रॅम असतात. खायला प्यायला कारण मिळालं, भूकही लागायला लागली.

उन्हाळ्यात नागपूरचं ऊन कुणाची गय करत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या दिवसांत आम्ही आठच्या आत पाळ सोडतो, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू झाला की गळ बंदच. पण तलावावर जाणं बंद नाही. पाणी आटलं की तळ उघडा पडतो आणि बेशरमीची झुडपं उपटायचं काम निघतं. ही झुडपं काठ गिळतात, देशी पाणवनस्पती हटवतात, माशांना खायला राहायला जागा ठेवत नाहीत. पहिल्या वर्षी मी नुसती उपटलेली झुडपं ओढून नेत होतो. गेल्या वर्षी मी स्वतः कुदळ धरली, पहाटे साडेपाच ते सात. गावातल्या बाया माझ्या तिप्पट वेगाने काम करत होत्या. बेशरम गेली त्या पट्ट्यात पावसाळ्यात देशी पाणवनस्पतींची रोपं लावली. त्यांच्या सावलीत आता लहान मासळी दिसते.

हिवाळ्यात सकाळी लवकर पोहोचलं तर पाण्यावर बदकं असतात. एखाद्या वर्षी उलट्या काठाच्या धानाच्या बांध्यांत पट्टकादंब उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालयापलीकडून आलेले. माझ्या वडिलांनी याच पक्ष्यांसाठी असल्याच पाळीमागे दबा धरला असेल. मीही दबा धरतो, वारा बघतो, वाकून चालतो. वहीत आकडा लिहितो आणि परत फिरतो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा खुर्ची ओढली. मी ७३ वर्षांचा. १४ झाले. एका पायावर उभं राहणं पूर्वी तीन सेकंद जमायचं, आता उजव्यावर अठरा, डाव्यावर बारा. साखर पूर्वीपेक्षा आटोक्यात आहे, एक गोळी कमी झाली आहे. गुडघे दुखतात, ते दुखणारच. डाव्या पायावर अजून काम करायचं आहे.

बाबाजींना या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं आहे. तोपर्यंत त्यांना तरंग्याचा पहिला थरार नीट दिसत नाही, म्हणून मी त्यांच्या काठीकडेही लक्ष ठेवतो आणि हळूच सांगतो, "बाबाजी, चाखतो आहे." ते थांबतात. मी "आता" म्हणालो की उचलतात. परवा त्यांचे दोन सुटले, माझा अंदाज चुकला म्हणून. ते काही बोलले नाहीत, पण तिसऱ्याला मी जरा जास्तच थांबलो आणि तो मृगळ पावणेदोन किलोचा निघाला.

उद्या बुधवार. ढेप मी काल त्यांच्याकडे ठेवून आलो आहे, आज संध्याकाळी ते ती टाकतील. कणीक पहाटे मळेन. बूट दारात काढून ठेवले आहेत.